आरसी ३९० ट्रॅकसाठी: शॉकअपवर खर्च नेमका कुठून सुरू करावा?

कोथरूडकर३९०

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची केटीएम आरसी ३९०, सेकंडहँड. रोजच्या वापराला दुसरी स्कूटर आहे, ही फक्त ट्रॅक डेसाठी (फी भरून रेस ट्रॅकवर गाडी चालवायचा दिवस) ठेवलीय. नुकताच कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला जाऊन आलो. माझं वजन हेल्मेट, लेदर सूट, बूट सगळं धरून ९२ किलो.

त्रास असा आहे. जोरात ब्रेक मारला की पुढचं नाक झपकन खाली जातं आणि शेवटी हँडलमध्ये 'ठक्' जाणवतं. त्याच वेळी मागचं चाक टणाटण उड्या मारतं. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की मागचा भाग दोन-तीनदा वर-खाली डुलतो आणि गाडी बाहेरच्या कडेला ओढत जाते.

पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायची जागा) चार जणांनी चार सल्ले दिले. मागे ओहलिन्स (महागडे शॉक बनवणारी कंपनी) टाक, पुढे कार्ट्रिज किट (फोर्कच्या आत बसणारा तयार डॅम्पिंगचा संच) टाक, जाड ऑइल भर, सगळं टाइट कर. दोन्हीकडे भारी माल घातला तर सेकंडहँड गाडीच्या निम्मी किंमत तिथेच जाते. सुरुवात कुठून करू?

चेनस्प्रॉकेट

सरळ ओहलिन्स. एकदाच काय ते रडायचं आणि मोकळं व्हायचं.

मिरजमेकॅनिक

थांबा हो, लगेच पाकीट काढू नका. आधी सांगा, पुढचं ऑइल शेवटचं कधी बदललं? सेकंडहँड गाडीत बहुतेक वेळा कंपनीतून आलेलंच ऑइल असतं. उघडलं की गढूळ करड्या रंगाचं, वास मारणारं पाणी बाहेर येतं. त्या पाण्यावर डॅम्पिंग (ऑइलच्या विरोधाने स्प्रिंगची उसळी आवरणं) कुठलं मिळणार?

मग कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग). पुढचं चाक उचला, खालचे फोर्क (पुढच्या शॉकअपच्या नळ्या) धरून पुढेमागे हलवा. खट् वाजलं तर आधी ते काम. मागे चिमट्याचे (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) बेअरिंग आणि मोनोशॉकचे (मागचा एकच शॉक) वरचे-खालचे बुश पण बघा. चाक धरून आडवं हलवल्यावर ढिलं लागलं, तर वर कितीही महागाचा शॉक बसवा, गाडी डुलणारच.

वाळूजकर

मिरजकरांना +१. मी शॉकच्या टेस्टिंगमध्ये काम करतो (कंपनीचं नाव नको), त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी बाजारातून मोजपट्टी आणा. सॅग, म्हणजे वजनाने शॉकअप किती मिमी खाली बसतो ते, मोजल्याशिवाय दिलेला कुठलाही सल्ला अंदाजपंचे असतो, माझाही.

मागची पद्धत: गाडी अशी उचला की मागचं चाक पूर्ण लोंबेल. पॅडॉक स्टँड चिमट्याला लागतो, त्याने हे होत नाही. दोघांनी साइड स्टँडवर तिरकी करून उचला. ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवर एक चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर घ्या. हे पहिलं माप. मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कुणी नाही: दुसरं माप. मग तुम्ही पूर्ण सूट घालून, दोन्ही पाय फुटपेगवर, ट्रॅकवर बसता तसे वाकून बसा. एकाने पुढून गाडी धरायची, दुसऱ्याने मोजायचं: तिसरं माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडीचा स्वतःचा सॅग. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडरसकट सॅग.

पुढे तेच, फक्त तिथे घर्षण जास्त असतं म्हणून प्रत्येक माप दोनदा. एकदा हँडल वर ओढून हळू सोडायचं, एकदा खाली दाबून हळू सोडायचं. दोन्हींची सरासरी धरा. दोन मापांत १० मिमीच्या आसपास फरक आला तर फोर्क अडकून चालतायत असं समजा.

ट्रॅकसाठी ढोबळ लक्ष्य: रायडरसकट पुढे ३० ते ३५ मिमी, मागे साधारण तेवढंच. मागे गाडीचा स्वतःचा सॅग ५ ते १० मिमी हवाच हवा. हा शेवटचा आकडा लोक मोजतच नाहीत आणि खरी गोष्ट तोच सांगतो. तुमचे आकडे टाका, मग बोलू.

सातारी_पिस्टन

एवढं शास्त्र कशाला राव. आमच्याकडे पुढच्या शॉकअपच्या नटाखाली जुनी नाणी टाकायचे, गाडी टाइट. नाहीतर स्प्रिंगचे दोन वेढे कापायचे. फुकटात काम.

लेथवाला

सातारकर, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. नाणी टाकली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते, म्हणजे प्रीलोड वाढतो. त्याने गाडी उंच उभी राहते. पण स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते: आधी एक मिमी दाबायला जेवढं बळ लागायचं तेवढंच नाण्यांनंतरही लागतं.

वेढे कापल्यावर स्प्रिंग खरंच कडक होते, हे मान्य. चालू वेढे जितके कमी तितकी कडक. पण कापलेलं टोक सपाट बसत नाही, स्प्रिंग तिरकी होऊन फोर्कच्या नळीला आतून घासते, आणि पूर्ण दाबली की वेढ्यावर वेढा बसून मधेच लोखंडी ठोकर लागते. लांबीची भरपाई करायला स्पेसर लागतो तो वेगळाच. तारेची जाडी मात्र बघण्यासारखी आहे. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार फक्त ५ टक्के जाड केली तर स्प्रिंग साधारण २१ टक्के कडक. म्हणून योग्य तारेची नवी स्प्रिंग घ्या, करवत ठेवून द्या. स्पेसर लागला तर मी नायलॉनचा घासून देतो, त्याला हरकत नाही.

कोथरूडकर३९०

मोजलं. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लेदर सूट घालून बसलो होतो, वॉचमन काका अजून हसतायत.

मागे: पहिलं ६१२, दुसरं ६१०, तिसरं ५७८. म्हणजे गाडीचा सॅग २ मिमी, माझ्यासकट ३४. प्रीलोडची रिंग आधीच्या मालकाने शेवटपर्यंत कसून ठेवलेली दिसते.

पुढे: माझ्यासकट ओढून सोडल्यावर ३४, दाबून सोडल्यावर ४४. सरासरी ३९.

मागचा ३४ आहे म्हणजे मागे सगळं ठीक ना?

वाळूजकर

नाही, तुमचा आजार तिथेच आहे. ३४ बघून समाधान वाटतं, पण शेजारचा २ बघा.

रायडरसकट सॅग बरोबर, पण गाडीचा स्वतःचा जवळजवळ शून्य, याचा अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. ऐकायला उलटं वाटतं. गाडी नुसती उभी असताना खाली बसत नाही, मग स्प्रिंग कडक असणार, असं वाटतं. पण ती बसत नाही कारण मऊ स्प्रिंग प्रीलोडने पिळून ठेवलीय. उलट प्रकारात, म्हणजे रायडरसकट ३४ आणि गाडीचा स्वतःचा १८ वगैरे आला असता, तर स्प्रिंग कडक म्हटली असती.

गणित करून बघू. ट्रॅकवरच्या बैठकीत तुमच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार मागे धरला तर ५५ किलो, म्हणजे ५४० न्यूटन. तेवढ्याने मागचा भाग ३४ उणे २, म्हणजे ३२ मिमी खाली गेला. चाकापाशी कडकपणा झाला मिमीला सुमारे १७ न्यूटन. हा मिमीला २० केला तर तुमच्या वजनाने गाडी २७ मिमी बसेल. मग प्रीलोड सोडून गाडीचा सॅग ८ वर आणा, तुमच्यासकट होईल ३५. दोन्ही आकडे जागेवर.

थोडक्यात आत्तापेक्षा सुमारे १७-१८ टक्के कडक स्प्रिंग. आरसीला मागे लिंकेज (शॉक आणि चिमट्यामधले जोड-दांडे) नाही, मोनोशॉक थेट चिमट्यावर टेकतो, त्यामुळे स्प्रिंगच्या आकड्यातही जवळपास त्याच प्रमाणात वाढ मागा. मूळ स्प्रिंगवर आकडा छापलेला नसेल तर विक्रेत्याला गाडीचं वर्ष आणि सूटसकट वजन सांगा. चांगला विक्रेता स्वतःच वजन विचारतो. विचारलं नाही तर दुसरा बघा.

डॉ_टॉर्क

मागचं चाक उड्या का मारतं ते पण यातच आहे. गाडी आणि रायडर मिळून २५७ किलो धरा, व्हीलबेस १.३४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ०.६ मीटर, ब्रेकिंग ०.९ जी. पुढे सरकणारा भार = २५७ × ०.९ × ०.६ ÷ १.३४, म्हणजे सुमारे १०४ किलो. उभ्या गाडीत दोन्हीकडे निम्मा भार मानला तर ब्रेक मारताना पुढच्या चाकावर २३२ आणि मागच्या चाकावर २५ किलो. त्या २५ मध्ये खुद्द चाक, डिस्क, चेन, चिमटाही आलेच. शॉकवर उरलं काय?

अशा वेळी शॉक पूर्ण ताणला जातो. तुमच्याकडे खाली उतरायला जेमतेम २ मिमी शिल्लक होते. ते संपले की चाकाला रस्त्याच्या मागे खाली जाता येत नाही, म्हणून प्रत्येक उंचवट्यावरून ते उडतं. थोडा सॅग असेल तर चाक खाली पोहोचतं.

आणि एक गैरसमज. शॉकअप कडक केल्याने हे १०४ किलो कमी होत नाहीत. सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही, फक्त उंची आणि व्हीलबेस आहे. तुमच्या हातात असतं ते एवढंच, की भार किती झटक्यात पुढे जातो आणि फोर्क कुठे जाऊन थांबतो.

चेनस्प्रॉकेट

मग पुढे जाड ऑइल भरायचं. दहाच्या जागी वीस. नाक जाणारच नाही.

वाळूजकर

नाक थोडं गेलंच पाहिजे. फोर्क दबला की स्टिअरिंगचा कोन उभा होतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला टेकते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो, गाडी वळणात पटकन पडते. अजिबात न बसणारी गाडी वळायला जड जाते.

जाड ऑइलचा घोळ असा. फोर्क दोन वेगळ्या वेगांनी हलतात. ब्रेक मारल्यावर नाक बसतं तेव्हा दांड्याचा वेग कमी असतो. कर्ब किंवा डांबराच्या गाठीवरून जाताना दांडा जोरात आत जातो. गाडीचा वेग १४० असो की ६०, इथे मोजायचा तो दांड्याचा वेग. साध्या छिद्रातून ऑइल ढकलायचं म्हटलं की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. म्हणून जाड ऑइलने नाक जरा सावकाश बसेल, पण गाठीवर फोर्क दगड होईल आणि पुढचं चाक रस्ता सोडेल. वर रिबाउंडही (दबलेला शॉक परत वर येणं) मंदावतो. लागोपाठ दोन-तीन गाठी आल्या तर फोर्क वर यायच्या आत पुन्हा दाबला जातो आणि खाली खाली साचत जातो.

चांगल्या कार्ट्रिजमध्ये पातळ शिमच्या चकत्या असतात. जोर आला की त्या वाकून वाट देतात. पैसे त्याचे असतात, सोनेरी रंगाचे नाही. पण तुम्हाला आत्ता ते नको. ऑइल त्याच जाडीचं ठेवा, नवीन भरा, आणि पातळी १० मिमी वर घ्या.

पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, नळीच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंत. ऑइल वाढलं की वरची हवा कमी होते. ती हवासुद्धा स्प्रिंगच आहे: पहिल्या अर्ध्या प्रवासात तिचा फारसा पत्ता लागत नाही, शेवटच्या भागात मात्र झपाट्याने कडक होते. तुमचा 'ठक्' नेमका तिथेच आहे. एका दमात २०-३० मिमी वाढवू नका, ऑइल सील फुटेल.

आणि डब्यावरच्या ५, १०, १५ वर विसंबू नका. एका कंपनीचं दहा दुसरीच्या पाचएवढं पातळ निघतं. माहितीपत्रकात ४० अंशाला सेंटिस्टोकमध्ये दिलेला आकडा बघून जुळवा.

मिरजमेकॅनिक

पुढचे ३४ आणि ४४, हा दहाचा फरक ऑइलचा नसावा. चाक काढून बसवताना ॲक्सल ओढून कसला असेल, तर दोन्ही फोर्क आत किंवा बाहेर ताणले जातात आणि अडकतात. ॲक्सलचे पिंच बोल्ट ढिले करा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून चार-पाचदा जोरात फोर्क दाबा, जिथे बसायचं तिथे फोर्कचा पाय आपोआप बसतो. मग बोल्ट टॉर्क पान्याने कसा. फुकटचं काम आहे, पण नव्वद टक्के जण करत नाहीत (हा आकडा माझ्या गॅरेजचा, शास्त्राचा नव्हे).

सांगलीचा_आरआर

माझी अपाचे आरआर ३१०, २०२१च्या बिल्ट टू ऑर्डरमधली (बुकिंग करताना हवे ते किट निवडायची टीव्हीएसची योजना). डायनॅमिक किट तेव्हा १२ हजाराला मिळायचं, पुढे-मागे प्रीलोड, कॉम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग), रिबाउंड सगळं फिरवता येतं. सांगायचं एवढंच की नॉब मिळाले म्हणून प्रश्न सुटत नाही. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर लोक तीन-तीन नॉब फिरवतात आणि मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एका वेळी एकच, दोन क्लिक, वहीत लिहायचं. आणि टायरचा दाब आधी. गरम टायरचा दाब मोजल्याशिवाय शॉकअपला हात लावायचा नाही, कारण टायर पण दबतोच की.

वर्षा_घाटवाट

रोचक धागा. मी पण आरसी ३९० चालवते, सूटसकट ५८ किलो. पॅडॉकमध्ये मलाही 'स्प्रिंग बदला' हेच सांगतात. माझे मागचे आकडे: गाडीचा सॅग १०, माझ्यासकट ३०. प्रीलोड मधल्या खाचेवर. मी पण कडक घेऊ?

वाळूजकर

अजिबात नको. ताई, तुमच्या ५८ चे ६० टक्के ३५ किलो, म्हणजे ३४० न्यूटन, त्याला १७ ने भागलं तर २०. तुमचा फरक बरोबर २० आलाय. कंपनीची स्प्रिंग तुमच्या मापाची आहे. जी स्प्रिंग कोथरूडकरांना मऊ तीच तुम्हाला बरोब्बर. पॅडॉकमधल्यांनी तुमचं वजन विचारलं होतं का?

वर्षा_घाटवाट

नाही. गाडी बघून सांगितलं. वाचलेल्या पैशांत पुढच्या ट्रॅक डेची फी भरते.

चेनस्प्रॉकेट

माझ्या ओहलिन्सला कुणीच विचारत नाही. १९७६ पासून लोक काय वेडे म्हणून घेतायत का? आता तर ब्रेकवाली ब्रेम्बोच मालक आहे.

वाळूजकर

माल उत्तमच आहे, वाद नाही. पण तोही चुकीच्या स्प्रिंगसकट घेतला तर हेच रडगाणं जास्त पैशांत. ऑर्डर देताना तिथेही वजनाप्रमाणे स्प्रिंग निवडावी लागते.

कोथरूडकर३९०

जाऊन आलो, पुन्हा करीलाच. जे केलं ते: पुढचं ऑइल बदललं (मिरजकर म्हणाले तसंच करडं पाणी निघालं), पातळी १० मिमी वर, ॲक्सलची जुळवणी. पुढची दोन मापं आता ५ मिमीच्या आत येतात. पुढे थोडी कडक स्प्रिंग, सरासरी सॅग ३३. मागे नवी स्प्रिंग, गाडीचा सॅग ८, माझ्यासकट ३६. फोर्कच्या दांड्यावर झिप टाय बांधून ठेवला होता. सेशननंतर तो तळाच्या १२ मिमी वर थांबलेला. म्हणजे ठक् गेला, आणि प्रवासही बऱ्यापैकी वापरला जातोय.

मागच्या उड्या जवळपास बंद. ब्रेक उशिरा मारायची हिंमत यायला लागलीय.

दोन गोष्टी उरल्या. थ्रॉटल उघडल्यावरचं डुलणं आहेच, उलट थोडं जास्त झटपट झाल्यासारखं वाटतं. आणि गाडी वळणात पडायला आळशी झालीय, टोकाला जरा रुंद जाते.

वाळूजकर

पहिलं अपेक्षित होतं, आधीच सांगायला हवं होतं. स्प्रिंग कडक झाली की ती जास्त जोराने उसळते आणि तिला आवरायचं काम रिबाउंडचं. मूळ शॉकमधलं रिबाउंड जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने ठेवलेलं आहे आणि ते फिरवायला नॉब नाही. म्हणजे आता दोन वाटा. आहे तोच शॉक उघडून आतल्या शिम बदलून घ्यायच्या, पण नायट्रोजन भरायची सोय असलेल्याकडेच. नाहीतर रिबाउंड फिरवता येणारा नवा शॉक. तुमची नवी स्प्रिंग त्यात बसते का ते आधी बघा, आतला व्यास आणि लांबी दोन्ही.

चेनस्प्रॉकेट

म्हटलं होतं की नाही!

वाळूजकर

म्हटलं होतंत. पण आता त्यांना स्प्रिंगचा आकडा माहीत आहे, हा फरक.

दुसऱ्याचं कारण: पुढचं आता कमी बसतं, त्यामुळे वळणात शिरताना पूर्वीएवढा कोन उभा होत नाही. फोर्क वरच्या आणि खालच्या टीमधून (दोन्ही नळ्या पकडून ठेवणारे क्लॅम्प) ३ मिमी वर सरकवा. तेवढ्यानेही फरक कळतो. ३ ने भागलं नाही तर आणखी २. सरळ रस्त्यावर हँडल थरथरायला लागलं तर मागे या. आणि हे करताना शॉकला हात लावू नका, नाहीतर पुन्हा ब्रह्मदेव.

मिरजमेकॅनिक

फोर्क सरकवायच्या आधी दोन्ही नळ्यांवर स्केचपेनने खूण करा आणि कॅलिपर घेऊन मोजा. एक ३ आणि एक ४ असा राहिला तर ॲक्सल परत पिळला जातो. पुढचा भार काढण्यासाठी गाडी मानेखालून स्टँडवर घ्या, एका बाजूचे बोल्ट सैल असताना दुसऱ्या बाजूचे घट्ट ठेवा, म्हणजे गाडी धाडकन बसणार नाही. कसताना खालच्या टीचे बोल्ट आलटून पालटून, पुस्तकातल्या टॉर्कलाच. जास्त कसले की नळी दबते आणि फोर्क परत अडकायला लागतो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी कुठे ताणते का, आणि फोर्क दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला लागतंय का ते बघा.

कोथरूडकर३९०

कॅलिपर आहे, टॉर्क पाना लेथवाल्यांकडून आणतो. रविवारी सकाळी फोर्क सरकवतो. शॉकच्या शिमचं काम पुढच्या महिन्याच्या पगारावर. मूळ मागची स्प्रिंग ठीकठाक आहे. साठ-पासष्ट किलोच्या कुणाची तुटली-गंजली असेल तर व्यनि करा, कुरिअरचे पैसे तेवढे द्या.